वाचकांचे प्रश्न : लोकसभेचा उमेदवार आणि त्याचे कागद

लोकसभेच्या उमेदवारांविषयी आलेल्या पत्रांपैकी काही निवडक पत्रांना या वेळी उत्तरे देत आहोत. राजकीय अंदाज विचारणारी पत्रे बाजूला ठेवली आहेत. कोण निवडून येईल हे सांगणारे चहाच्या टपरीवर पुष्कळ भेटतात. उरलेल्या बहुतेक पत्रांचा सूर ‘हे कायद्याने थांबवता येत नाही का?’ असा आहे. पुष्कळ बाबतींत तसे थांबवता येत नाही, मात्र उमेदवाराने स्वतःच्या सहीने सरकारदरबारी जे लिहून दिलेले असते, ते मतदाराला मतदानाआधी वाचता येते. हा हक्क न्यायालयीन लढ्यातून मिळाला आहे आणि त्याचा वापर आपण फारच कमी करतो, असे आमचे मत आहे.

प्रश्न : आमच्या रायगड मतदारसंघात मुख्य उमेदवाराच्या नावाचेच आणखी उमेदवार दर वेळी उभे असतात. वयस्कर मतदारांचा गोंधळ होतो. निवडणूक आयोग अशांचे अर्ज फेटाळत का नाही?
— एक वाचक, दापोली

उत्तर : अर्ज फेटाळण्याची कारणे कायद्यात ठरलेली आहेत आणि ‘नाव दुसऱ्यासारखे आहे’ हे त्यांपैकी एक नाही. ज्याचे वय २५ वर्षे पूर्ण आहे, जो भारताचा नागरिक आहे, ज्याचे नाव मतदार यादीत आहे आणि ज्याला कायद्याने अपात्र ठरवलेले नाही, त्याला त्याच्या आईवडिलांनी ठेवलेल्या नावाने निवडणूक लढवण्याचा अधिकार आहे. २०२४ च्या मे महिन्यात असे उमेदवार रोखावेत अशी मागणी करणारी याचिका सर्वोच्च न्यायालयापुढे आली होती. आईवडिलांनी तेच नाव ठेवले असेल तर त्याला निवडणूक लढवण्यापासून कसे अडवायचे, अशा आशयाचा प्रश्न न्यायालयाने केला आणि याचिका ऐकण्यास नकार दिला.

रायगडकरांना या प्रकाराची झळ किती बसू शकते, हे २०१४ मध्ये दिसले. त्या निवडणुकीत शिवसेनेचे अनंत गीते यांनी राष्ट्रवादी काँग्रेसचे सुनील तटकरे यांचा अवघ्या २,११० मतांनी पराभव केला. त्याच मतपत्रिकेवर सुनील तटकरे याच नावाचा एक अपक्ष उमेदवार होता आणि त्याला ९,८४९ मते मिळाली. ‘नामसाधर्म्याने तटकरे पडले’ असे तेव्हापासून सर्रास म्हटले जाते. हे विधान बरेचसे पटण्याजोगे असले तरी पुरते सिद्ध झालेले नाही, कारण त्याच निवडणुकीत शेतकरी कामगार पक्षाचे रमेश कदम यांनी एक लाखाहून अधिक मते घेतली होती. दोन हजारांच्या फरकाने लागलेल्या निकालाला एकच कारण चिकटवण्यात अर्थ नसतो. पुढे २०१९ मध्ये तटकरे ३१,४३८ मतांनी निवडून आले, तेव्हा नामसाधर्म्याचा विषय चर्चेपुरताच उरला.

आयोगाने काहीच केलेले नाही, असे मात्र नाही. दोन उमेदवारांची नावे सारखी असतील तर मतपत्रिकेवर त्यांच्या नावापुढे व्यवसाय, गाव किंवा अन्य काही ओळख जोडून फरक दाखवावा, असा नियम पूर्वीपासून आहे. १ मे २०१५ नंतरच्या निवडणुकांत मतपत्रिकेवर उमेदवाराचे छायाचित्रही छापले जाते, म्हणजे रायगडची २०१४ ची निवडणूक छायाचित्राविना झाली होती. शिवाय नावांच्या क्रमातही एक सोय आहे, जी फार थोड्यांना ठाऊक असते. मतपत्रिकेवर आधी मान्यताप्राप्त राष्ट्रीय व राज्य पक्षांचे उमेदवार, मग नोंदणीकृत पण मान्यता नसलेल्या पक्षांचे आणि शेवटी अपक्ष, असे तीन गट असतात आणि वर्णानुक्रम प्रत्येक गटापुरता लावला जातो. त्यामुळे मोठ्या पक्षाचा उमेदवार आणि त्याचा नामबंधू अपक्ष एकमेकांना चिकटून क्वचितच येतात. घरातील वयस्कर मंडळींना नावाऐवजी उमेदवाराचा अनुक्रमांक आणि चिन्ह पाठ करून पाठवावे. बटण दाबल्यावर व्हीव्हीपॅटच्या काचेआड सात सेकंद दिसणाऱ्या चिठ्ठीवर अनुक्रमांक, नाव आणि चिन्ह एवढेच असते, छायाचित्र नसते, हेही त्यांना सांगून ठेवावे.

इतके करूनही गोंधळ संपला, असे म्हणता येणार नाही, कारण नावाची जागा आता चिन्हाने घेतली आहे. २०२४ मध्ये राष्ट्रवादी काँग्रेस (शरदचंद्र पवार) या पक्षाचे चिन्ह ‘तुतारी वाजवणारा माणूस’ हे होते आणि अपक्षांसाठीच्या मुक्त चिन्हांच्या यादीत नुसते तुतारी नावाचे एक वाद्य होते, ज्याला लोक ‘पिपाणी’ म्हणू लागले. साताऱ्यात उदयनराजे भोसले यांनी त्या पक्षाचे शशिकांत शिंदे यांना ३२,७७१ मतांनी हरवले, तर पिपाणीवाल्या अपक्षाला ३७,०६२ मते पडली. दिंडोरीत तर नाव आणि चिन्ह दोन्ही जुळून आले. त्याच पक्षाचे उमेदवार भास्कर भगरे हे ‘भगरे सर’ म्हणून ओळखले जातात. तेथे पिपाणी चिन्ह घेतलेल्या, भगरे आडनावाच्याच आणि नावापुढे ‘सर’ लावणाऱ्या अपक्षाने १,०३,६३२ मते मिळवली. ज्याची प्रचारसभा मतदारसंघात कुणाला आठवत नाही, अशा उमेदवाराला मतपत्रिकेवर छायाचित्र असूनही एक लाखावर मते मिळतात, तेव्हा ती सगळी त्याची स्वतःची होती असे म्हणायला आमची जीभ रेटत नाही. भास्कर भगरे तरीही १,१३,१९९ मतांनी निवडून आले, म्हणून दिंडोरीचा प्रकार हसण्यावारी गेला. त्यानंतर विधानसभेच्या तोंडावर आयोगाने त्या पक्षाचे चिन्ह यंत्रावर अधिक ठळक दाखवण्याचे मान्य केले, परंतु ट्रम्पेट, म्हणजे ही पिपाणी, हे चिन्ह यादीतून काढून टाकण्यास नकार दिला.

प्रश्न : उमेदवाराचे प्रतिज्ञापत्र संकेतस्थळावर असते असे ऐकतो. ते पंधरा-वीस पानांचे असते. सामान्य माणसाने त्यात नेमके काय पाहावे? आणि खोटी माहिती दिली असेल तर काय होते?
— एक निवृत्त शिक्षिका, मिरज

उत्तर : आपला प्रश्न आम्हाला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

उमेदवारी अर्जासोबत ‘नमुना २६’ मधील प्रतिज्ञापत्र द्यावे लागते. सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्ये उमेदवाराची गुन्हेगारी, आर्थिक आणि शैक्षणिक माहिती मिळणे हा मतदाराचा अधिकार असल्याचे सांगितले. त्यावर संसदेने कायदा बदलून ही माहिती आक्रसण्याचा प्रयत्न केला, आणि २००३ मध्ये न्यायालयाने ती दुरुस्ती रद्द केली. या बाबतीत सर्व पक्षांचे एकमत किती चटकन झाले होते, हे आठवले की आजही गंमत वाटते. रकाने कोरे सोडणाऱ्यांची पळवाट २०१३ च्या निकालाने बंद झाली. माहिती लागू नसेल तर तसे लिहावे लागते आणि आठवण देऊनही रकाना कोरा ठेवला तर अर्ज बाद होऊ शकतो.

प्रतिज्ञापत्र हाती आल्यावर एकूण मालमत्तेच्या आकड्याला फार भुलू नये. वर्तमानपत्रे तोच मथळ्यात देतात आणि त्यातून फारसे काही कळत नाही. मुंबईतील एखाद्या जुन्या सदनिकेमुळे साधा माणूस कोट्यधीश दिसतो, आणि ज्याच्या दारात गाड्यांचा ताफा उभा असतो, त्याच्या नावावर कधी कधी एक दुचाकीही नसते. त्यापेक्षा स्थावर मालमत्तेचा तक्ता उघडावा. शेतजमिनीसाठी तेथे गाव, गट क्रमांक, क्षेत्र, जमीन वडिलोपार्जित आहे की खरेदी केलेली, खरेदीची तारीख, त्या वेळची किंमत आणि आजची अंदाजे बाजार किंमत, असे स्वतंत्र रकाने असतात. उमेदवाराच्या शेजारच्या रकान्यात पती किंवा पत्नी, मग अविभक्त हिंदू कुटुंब आणि त्यापुढे अवलंबित व्यक्ती येतात. खरेदीच्या तारखा उमेदवार कोणत्या पदावर होता त्या वर्षांशी ताडून पाहाव्यात. ज्या गावातून पुढे महामार्ग गेला किंवा औद्योगिक वसाहत आली, तेथील गट क्रमांक पत्नीच्या रकान्यात त्याआधी वर्षभर दिसू लागले असतील, तर त्याचा अर्थ काय लावायचा हे आपल्याला कुणी शिकवायला नको. सातबारा ऑनलाइन मिळत असल्याने गट क्रमांक पडताळूनही पाहता येतो.

त्यानंतर त्याच उमेदवाराचे मागील निवडणुकीचे प्रतिज्ञापत्र शेजारी ठेवावे. प्राप्तिकर विवरणपत्रात दाखवलेले गेल्या पाच वर्षांचे उत्पन्न २०१९ पासून द्यावे लागते. त्या पाच आकड्यांची बेरीज करावी आणि दोन निवडणुकांमधील मालमत्तेतील वाढीशी तिची तुलना करावी. जमिनीचे भाव वाढल्याने मालमत्ता फुगते हे खरे आहे, म्हणून जुनी जमीन वगळून नव्याने घेतलेल्या मालमत्तेपुरतेच पाहणे न्याय्य होईल. दायित्वांचा तक्ताही सोडू नये. कुणाकडून किती हातउसने घेतले, कोणत्या पतसंस्थेचे कर्ज आहे आणि ती पतसंस्था कुणाची आहे, हे स्थानिक माणसाला वाचताक्षणी समजते, बाहेरच्या पत्रकाराला समजत नाही. सरकारी निवासस्थानाचे भाडे, वीज, पाणी यांची थकबाकी नाही, हेही तेथेच लिहून द्यावे लागते.

गुन्ह्यांच्या तक्त्यात प्रलंबित खटले आणि झालेल्या शिक्षा स्वतंत्र दाखवलेल्या असतात. तेथे खटल्यांच्या संख्येपेक्षा कलमे वाचावीत. रास्ता रोको, मोर्चा, जमावबंदीचा भंग यांचे दहा खटले असलेला कार्यकर्ता आणि फसवणूक किंवा खंडणीचा एकच खटला असलेला उमेदवार यांना एका मापाने मोजणे अन्यायाचे आहे. आरोप निश्चित झाले आहेत का, ते तारखेसह पाहावे. २०१८ च्या निकालानंतर अशा उमेदवाराला आपल्यावरील खटल्यांची माहिती प्रचारकाळात तीन वेळा वर्तमानपत्रांत आणि दूरचित्रवाहिन्यांवर प्रसिद्ध करावी लागते, आणि २०२० पासून पक्षालाही असाच उमेदवार का निवडला याचे कारण द्यावे लागते. केवळ ‘निवडून येण्याची क्षमता’ हे कारण चालत नाही. पक्षांनी दिलेली कारणे वाचण्यासारखी असतात. समाजकार्याची आवड आणि जनतेतील लोकप्रियता यांपलीकडे फारसे कुणी जात नाही.

व्यवसायाच्या रकान्यात सरकारी कंत्राटांचीही माहिती मागितलेली असते. येथे एक बारकावा आहे. केंद्र सरकारशी पुरवठ्याचे किंवा बांधकामाचे चालू कंत्राट असलेला माणूस लोकसभेसाठी अपात्र ठरतो, पण राज्य सरकारचे किंवा जिल्हा परिषदेचे कंत्राट असले तर लोकसभेपुरता तो अपात्र नसतो. आपल्याकडचे बहुतेक ठेके कोणत्या प्रकारचे असतात, हे आपण जाणताच.

आता खोट्या माहितीविषयी. निवडणूक निर्णय अधिकारी छाननीच्या वेळी प्रतिज्ञापत्र खरे की खोटे याची चौकशी करत बसत नाही आणि केवळ माहिती खोटी असल्याच्या आक्षेपावरून अर्ज फेटाळत नाही. कुणीही मतदार प्रतिप्रतिज्ञापत्र देऊ शकतो. तेही सूचना फलकावर लावले जाते. खोटी माहिती देणे किंवा ती दडवणे हा लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १२५अ खाली गुन्हा आहे आणि त्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही शिक्षा आहेत. दोन वर्षांच्या शिक्षेला जी अपात्रता येते ती या सहा महिन्यांना येत नाही, त्यामुळे हे कलम दातांवाचून आहे असे आम्हाला वाटते. निवड रद्द करून घ्यायची असेल तर निकालापासून ४५ दिवसांत उच्च न्यायालयात निवडणूक याचिका करावी लागते. २०२४ च्या एका निकालात सर्वोच्च न्यायालयाने असेही म्हटले आहे की उमेदवाराने घरातील प्रत्येक जंगम वस्तू जाहीर केलीच पाहिजे असे नाही. दडवलेली वस्तू त्याच्या राहणीमानावर प्रकाश टाकण्याइतकी मोलाची आहे की नाही, हे पाहिले जाते.

प्रश्न : मतदारसंघात ज्याचे घर नाही, मतदार यादीत नाव नाही, असा बाहेरचा उमेदवार आमच्यावर लादला जातो. त्याला स्वतःलाही तेथे मत देता येत नाही. हे योग्य आहे काय?
— एक वाचक, शिरूर

उत्तर : कायदेशीर आहे. देशातील कोणत्याही लोकसभा मतदारसंघाच्या यादीत नाव असलेला माणूस, काही थोडे अपवाद सोडता, अन्य कोणत्याही मतदारसंघातून उभा राहू शकतो; आपल्या यादीतील नोंदीची प्रमाणित प्रत तेवढी त्याला जोडावी लागते. राखीव जागेसाठी अर्थातच तो त्या प्रवर्गाचा असला पाहिजे. विधानसभेला मात्र त्याच राज्यातील मतदार असावे लागते.

योग्य की अयोग्य, याचा निवाडा महाराष्ट्राने स्वतः दोन्ही बाजूंनी दिलेला आहे. पी. व्ही. नरसिंह राव १९८४ मध्ये हणमकोंडा या आपल्या भागातील मतदारसंघात पडले आणि रामटेकने त्यांना लोकसभेत पाठवले. १९८९ मध्ये पुन्हा पाठवले. त्यांचे मराठी चांगले होते, ही त्यातील जमेची बाजू. उत्तर मुंबईने १९५७ आणि १९६२ मध्ये केरळचे व्ही. के. कृष्ण मेनन यांना निवडून दिले आणि १९६२ मध्ये त्यांच्यासमोर उभे असलेले आचार्य कृपलानीही मुंबईचे नव्हते, सिंधचे होते. १९६७ मध्ये ‘बाहेरचे’ म्हणून काँग्रेसने मेनन यांना उमेदवारी नाकारली. ते ईशान्य मुंबईतून अपक्ष उभे राहिले आणि स. गो. बर्वे यांच्याकडून हरले. बर्वे यांच्या निधनानंतरच्या पोटनिवडणुकीत त्यांच्या भगिनी तारा सप्रे यांनीही मेनन यांना हरवले. उलट दिशेचे उदाहरण म्हणजे पुण्याचे मधू लिमये, जे बिहारमधील मुंगेर आणि बांका येथून निवडून जात राहिले, आणि त्याचा आपल्याला अभिमानच वाटतो.

आपली तक्रार, आम्हाला वाटते, बाहेरच्या माणसापेक्षा ‘लादला जाण्या’विषयी आहे. स्थानिक कार्यकर्त्यांना न विचारता मुंबईत किंवा दिल्लीत नाव ठरते, त्यावर कायद्यात उपाय नाही. त्यावर सांगलीने २०२४ मध्ये आपल्यापुरता एक उपाय केला, त्याविषयी पुढील उत्तरात लिहिले आहे.

प्रश्न : ‘एबी फॉर्म’ म्हणजे काय, आणि तो मिळवण्यासाठी शेवटच्या दिवशी इतकी धावपळ का होते?
— महाविद्यालयीन विद्यार्थी, नागपूर

उत्तर : नमुना ‘अ’ मध्ये पक्ष निवडणूक निर्णय अधिकाऱ्याला कळवतो की आमच्या वतीने उमेदवार ठरवण्याचा अधिकार अमुक पदाधिकाऱ्याला आहे, आणि नमुना ‘ब’ मध्ये तो पदाधिकारी उमेदवाराचे नाव कळवतो. दोन्ही शाईच्या मूळ सहीचे असावे लागतात आणि अर्ज भरण्याच्या अखेरच्या दिवशी दुपारी तीनच्या आत पोहोचावे लागतात. अर्ज भरण्याची वेळ सकाळी ११ ते दुपारी ३ असते. तीनच्या ठोक्याला दार लावून घेतात. त्या क्षणी जे आवारात आत आले असतील त्यांचे अर्ज रांगेने घेतले जातात, बाहेर राहिलेल्याचा पक्ष कितीही मोठा असला तरी तो बाहेरच. आत उमेदवारासह पाचच जणांना सोडतात, त्यामुळे हजारोंच्या मिरवणुकीने आलेला नेता टेबलापाशी पोहोचतो तेव्हा त्याच्यासोबत सूचक (त्याचे नाव सुचवणारा मतदार), वकील आणि फाइल धरणारा एखादा पुतण्या एवढीच माणसे असतात. मान्यताप्राप्त पक्षाच्या उमेदवाराला त्या मतदारसंघातील एक सूचक पुरतो, इतरांना दहा लागतात. एका उमेदवाराला जास्तीत जास्त चार अर्ज भरता येतात, म्हणजे एकात चूक राहिली तरी दुसरा तरतो.

नमुना ‘ब’ मध्ये मुख्य उमेदवाराखाली पर्यायी उमेदवाराचे नाव लिहिण्याची सोय असते. त्यालाच आपण ‘डमी’ म्हणतो आणि बहुधा तो घरातलाच असतो. हा रकाना किती मोलाचा आहे, हे आपल्या शेजारच्या रामटेकमध्ये २०२४ साली दिसले. काँग्रेसच्या उमेदवार रश्मी बर्वे यांचे जातवैधता प्रमाणपत्र २८ मार्च रोजी, म्हणजे नेमके छाननीच्या दिवशी, पडताळणी समितीने रद्द केले आणि अनुसूचित जातीसाठी राखीव असलेल्या त्या जागेवरील त्यांचा अर्ज बाद झाला. पर्यायी म्हणून नाव दिलेले त्यांचे पती श्यामकुमार बर्वे पक्षाचे अधिकृत उमेदवार झाले आणि निवडूनही आले. त्या रकान्यात नाव नसते तर एका मोठ्या पक्षाला त्या मतदारसंघात उमेदवारच उरला नसता, कारण निवडणूक चालू असताना अर्ज फेटाळण्याच्या निर्णयात न्यायालये सहसा हात घालत नाहीत. पुढे उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने समितीचा आदेश रद्द केला, तोवर खासदार दिल्लीत जाऊन बसले होते.

आता सांगली. २०२४ मध्ये महाविकास आघाडीच्या वाटपात ही जागा शिवसेनेला (उद्धव बाळासाहेब ठाकरे) गेली आणि कुस्तीगीर चंद्रहार पाटील यांना उमेदवारी मिळाली. काँग्रेसचे विशाल पाटील यांनी माघारीची मुदत उलटू दिली, अपक्ष म्हणून ‘लिफाफा’ हे चिन्ह घेतले आणि भाजपचे तत्कालीन खासदार संजयकाका पाटील यांचा एक लाखांहून अधिक मतांनी पराभव केला. अपक्षाला चिन्ह माघारीनंतरच मिळते, म्हणजे नवे चिन्ह गावोगाव पोहोचवायला त्याच्या हाती दोन-अडीच आठवडे असतात. सहा विधानसभा मतदारसंघांत तेवढ्या दिवसांत हे साधायचे तर मागे जुने घराणे, साखर कारखान्याच्या काळापासूनचे संबंध आणि रुसलेले का होईना, पण पक्षाचे तयार कार्यकर्ते लागतात. त्यामुळे सांगलीचे उदाहरण पाहून कुणी सामान्य अपक्षाने हुरळून जाऊ नये.

प्रश्न : डिपॉझिट जप्त होते म्हणजे किती मते कमी पडलेली असतात?
— एक वाचक, कराड

उत्तर : एकूण वैध मतांच्या एक षष्ठांशापेक्षा जास्त मते मिळाली नाहीत तर अनामत रक्कम जप्त होते. बारा लाख वैध मते असतील तर दोन लाखांच्या वर जावे लागते. ‘नोटा’ची मते या हिशेबात धरत नाहीत. वर उल्लेखलेल्या सांगलीत चंद्रहार पाटील यांची अनामत याच नियमाने गेली. लोकसभेसाठी ही रक्कम २५ हजार रुपये आहे, अनुसूचित जाती-जमातींच्या उमेदवारांना १२,५००. १९९६ पर्यंत ती केवळ ५०० रुपये होती आणि त्या वर्षीच्या निवडणुकीत देशभर १३,९५२ उमेदवार उभे होते. रक्कम दहा हजार केल्यावर १९९८ मध्ये ही संख्या ४,७५० वर आली. २०२४ मध्ये ती पुन्हा ८,३६० झाली होती, म्हणजे पंचवीस हजारांचा धाक आता उरलेला दिसत नाही.

प्रश्न : तुरुंगातील कैद्याला मत देता येत नाही, पण तो निवडणूक लढवू शकतो. हा विरोधाभास नाही काय?
— एक वाचक, जळगाव

उत्तर : आहे, आणि तो संसदेने २०१३ मध्ये कायदा दुरुस्त करून जाणीवपूर्वक कायम ठेवलेला आहे. दोन वर्षे किंवा अधिक शिक्षा झाली तर शिक्षेच्या काळात आणि सुटकेनंतर सहा वर्षे अपात्रता येते. नुसत्या आरोपावरून मात्र येत नाही. आणीबाणीच्या अखेरीस जॉर्ज फर्नांडिस यांनी १९७७ मध्ये तुरुंगातून मुझफ्फरपूर जिंकले ते याच कारणाने शक्य झाले. ही मुभा काढून घेतली तर निवडणुकीच्या आदल्या महिन्यात विरोधकांना अटक करणे हा सर्वांत सोपा प्रचार ठरेल, म्हणून ती असावी असे आमचे मत आहे.

प्रश्न : खर्चाची मर्यादा ९५ लाख आहे म्हणतात. एका सभेच्या मांडवाचाच खर्च तेवढा दिसतो. हिशेब कोण तपासतो?
— एक व्यापारी, अहिल्यानगर

उत्तर : २०२२ पासून महाराष्ट्रात लोकसभेच्या उमेदवारासाठी ही मर्यादा ९५ लाख रुपये आहे, गोव्यासारख्या लहान राज्यात ती ७५ लाख आहे. उमेदवाराने निवडणुकीसाठी वेगळे बँक खाते उघडायचे असते, रोजचा खर्च नोंदवायचा असतो आणि निकालानंतर ३० दिवसांत हिशेब द्यायचा असतो. न दिल्यास तीन वर्षांपर्यंत अपात्रता येऊ शकते. जिल्हा निवडणूक अधिकारी पक्षांच्या प्रतिनिधींशी बोलून दरपत्रक ठरवतात आणि त्यात चहा, वडापाव, जेवणाची थाळी, प्लॅस्टिकची खुर्ची, मांडव, ढोलताशा पथक, जीपगाडी अशा प्रत्येक गोष्टीचा दर असतो. सभेचे चित्रीकरण एक पथक करते, ती चित्रफीत पाहून दुसरे पथक खुर्च्या मोजते आणि दरपत्रकाने गुणून येणारी रक्कम हिशेब पथक छाया नोंदवहीत लिहिते. उमेदवाराने पाचशे खुर्च्या दाखवल्या आणि चित्रफितीत दोन हजार दिसल्या तर त्याला नोटीस जाते. खुर्च्यांच्या या भांडणात खर्च निरीक्षक पुष्कळ वेळा जिंकतातही.

अडचण पुढेच आहे. ही मर्यादा उमेदवाराला आहे, त्याच्या पक्षाला नाही. पक्षाच्या सर्वसाधारण प्रचाराचा खर्च आणि तारांकित प्रचारकांच्या प्रवासाचा, हेलिकॉप्टरसकट, खर्च उमेदवाराच्या खात्यात धरला जात नाही. नेता व्यासपीठावर उमेदवाराचा हात उंचावून त्याच्यासाठी मत मागतो तेव्हा त्या सभेच्या खर्चाचा वाटा त्याच्या नावे पडू शकतो, म्हणून काही सभांमध्ये उमेदवार व्यासपीठावर दिसत नाही. आपण पाहिलेला मांडव त्यांपैकी कोणत्या प्रकारचा होता, हे आम्ही येथून सांगू शकत नाही. मात्र उमेदवाराने दाखल केलेल्या हिशेबाची प्रत थोडे शुल्क भरून जिल्हा निवडणूक कार्यालयातून कुणालाही घेता येते, आणि मांडवाचे बाजारभाव आपल्याला आमच्यापेक्षा नक्कीच अधिक ठाऊक असतील.

प्रश्न : सगळेच उमेदवार नापसंत असतील आणि ‘नोटा’ला सर्वाधिक मते पडली तर निवडणूक पुन्हा होते का? आणि एकच उमेदवार उरला तर ‘नोटा’ची संधी मिळते का?
— एक वाचक, डोंबिवली

उत्तर : लोकसभेला दोन्ही प्रश्नांचे उत्तर ‘नाही’ असे आहे. ‘नोटा’ कितीही वर गेला तरी उमेदवारांपैकी ज्याला सर्वाधिक मते तो विजयी. इंदूरमध्ये २०२४ साली काँग्रेसच्या उमेदवाराने माघारीच्या अखेरच्या दिवशी अर्ज मागे घेतला आणि ‘नोटा’ला २,१८,६७४ मते पडली, निकालावर त्याचा काही परिणाम झाला नाही. ‘नोटा’ला सर्वाधिक मते पडल्यास फेरनिवडणूक घ्यावी, असा आदेश महाराष्ट्र राज्य निवडणूक आयोगाने २०१८ मध्ये काढला आहे, परंतु तो फक्त स्थानिक स्वराज्य संस्थांना लागू आहे.

माघारीनंतर एकच उमेदवार उरला तर मतदान न घेताच तो निवडून आल्याचे जाहीर केले जाते, त्यामुळे ‘नोटा’चे बटण दाबण्याची वेळच येत नाही. २०२४ मध्ये सुरतेत काँग्रेस उमेदवाराचा अर्ज सूचकांच्या सह्यांच्या वादात फेटाळला गेला, इतरांनी माघार घेतली आणि भाजपचे मुकेश दलाल बिनविरोध खासदार झाले. महाराष्ट्रात हे घडले ते फार वेगळ्या वातावरणात. संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीला गेलेले यशवंतराव चव्हाण १९६३ च्या पोटनिवडणुकीत नाशिकमधून बिनविरोध निवडून आले, तेव्हा चीन युद्धाची जखम ताजी होती आणि विरोधकांनी आपण होऊन उमेदवार दिला नव्हता. अर्ज बाद करवून किंवा माघारी घडवून आणलेल्या बिनविरोध निवडीला त्याच पंक्तीत बसवू नये, असे आम्हाला वाटते.